मावशी, माझं नक्की झालंय काय?

पत्र थोडक्यात असं आहे:

"मावशी, माझं वय ३४. देवगड तालुक्यात राहते. दोन वर्षांपूर्वी जुलैत, लावणीच्या दिवसांत कावीळ झाली. ताप नव्हता. डॉक्टरांनी लेप्टो धरून इंजेक्शनं दिली. सासूबाईंनी शेजारच्या गावात नेऊन कावीळ उतरवून आणली. दीड महिन्यात डोळे पांढरे झाले. या वर्षी मार्चमध्ये आंब्याच्या पेट्या भरताना परत पिवळे झाले. एसजीपीटी ६४०. एक डॉक्टर म्हणतात ऑटोइम्यून आहे, स्टिरॉइड चालू करू. दुसरे म्हणतात गुळवेलीच्या काढ्याने झालं, काढा बंद करा, बास. सोनोग्राफीवाल्यांनी फॅटी लिव्हर लिहिलं. तिसऱ्यांनी बायोप्सी सांगितली, तर सासूबाई म्हणतात, 'लिवराक सुई टोचूक देव नको.' थकवा एवढा, की पाट्यावर वाटायला बसले तर उठवत नाही. गावात कुजबुज, की बाई चोरून पिते. मी थेंबही घेतलेला नाही. घरात माझं ताट वेगळं ठेवलंय. मुलगी ९ वर्षांची आहे, तिला होईल का? आणि माझं नक्की झालंय काय? रिपोर्टांचे ११ फोटो पाठवलेत."

अगं, मावशी म्हटलंस तर मीही अगं-तूगंच करते.

मी डॉक्टर नाही. रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २९ वर्षं काम केलं, आणि गेली ११ वर्षं मला स्वतःला ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे. रिपोर्ट देणारी खिडकी आणि घेणारी खिडकी, दोन्हीकडे उभी राहून झालंय. तुझं निदान मी करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण तुझ्या ११ फोटोंत काय दिसतं आणि कुठली तपासणी राहून गेलीय, एवढं मला कळतं.

पहिला फोटो उघड, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैचा. सगळे बघतात ती बिलिरुबिनची ओळ सोड. एसजीओटी, एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की चढणारे आकडे, तेही सोड. अगदी खाली ये, जिथे कोणी बघत नाही. टोटल प्रोटीन ९.१. अल्ब्युमिन ३.६. ग्लोब्युलिन ५.५, आणि शेजारी बारीक अक्षरात वरची मर्यादा ३.५ छापलेली आहे. आता मार्चचा रिपोर्ट बघ. ग्लोब्युलिन ५.७. दोन वर्षांचं अंतर, मधे डोळे पांढरे झाले, जेवण सुधारलं, लोक म्हणाले बरी झालीस. ही ओळ मात्र हलली नाही.

ग्लोब्युलिनमध्ये आपल्या रक्तातल्या अँटिबॉडीज असतात. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये बागेला ठेवलेला राखणदारच कलमं तोडायला घेतो. शरीर आपल्याच यकृतावर उठतं, आणि आयजीजी नावाच्या अँटिबॉडीज बहुतेकदा भरमसाट वाढतात. तेच ओझं ग्लोब्युलिनच्या आकड्यात दिसतं. ग्लोब्युलिन इतरही कारणांनी वाढतं, तेव्हा एवढ्यावरून शिक्का मारता येत नाही. पण दोन वर्षं सलग एवढं वर असेल तर आयजीजी तपासायलाच हवं होतं. तुझ्या ११ फोटोंत आयजीजीचा एकही कागद नाही.

तुझ्या डॉक्टरांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. माझा स्वतःचा पहिला एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, मी स्वतःच मशिनवर लावला होता. ग्लोब्युलिन ४.९ होतं. मी एसजीपीटी बघितलं, "वायरल असेल" म्हणाले आणि कागद पर्समध्ये टाकला. आठ महिने तो तिथेच होता, गॅसच्या पावत्यांबरोबर.

लेप्टोचंही, म्हणजे चिखलातल्या जंतूने होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचंही, तसंच. पावसाळ्यात कोकणात चिखलात उतरणाऱ्या माणसाचे डोळे पिवळे झाले आणि डॉक्टरांनी लेप्टो धरून औषध दिलं, तर त्यांचं बरोबरच आहे. लेप्टो चार-सहा दिवसांत किडनी आणि फुप्फुसावर जातो, तिथे रिपोर्टची वाट बघत बसायची सोय नसते. पण लेप्टोच्या कावीळीत बहुधा सडकून ताप असतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, बिलिरुबिन खूप चढतं आणि एसजीपीटी मात्र दोनशेच्या आसपासच घुटमळतं. तुझं एसजीपीटी तेव्हा ५८०, आणि ताप नाही. लेप्टो धरला ते ठीक. पुढे कोणी तो परत तपासून खोडला नाही, तिथे घोळ झाला.

सासूबाईंचं कावीळ उतरवणंही समजून घे, त्यांच्यावर चिडू नकोस. चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळंधमक होतं, ते मीही लहानपणी बघितलंय. पुढे लॅबमध्ये लागल्यावर एका दुपारी मी आणि लॅबमधल्या एका मैत्रिणीने आंब्याची साल ठेचून तळहाताला चोळली आणि चुन्याच्या निवळीत हात बुडवले. दोघींनाही कावीळ नव्हती, पाणी मात्र पिवळं झालं. हा गुण सालीचा. मग लोक बरे कसे होतात? दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपली आपणच काही आठवड्यांत उतरते. मंत्र घाला न घाला. अडचण तुझ्यासारखीची होते. ऑटोइम्यूनही मधेच आपणहून शांत होतो, कुणाला तरी श्रेय मिळतं आणि आजार आत चालू राहतो. ए किंवा ई ची कावीळ अशी दोन वर्षांनी त्याच माणसाला सहसा परत येत नाही. कावीळ परत आली, हीच खूण मोठी.

आता काढा. तू कोविडपासून रोज सकाळी गुळवेल घेत होतीस, असं पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं गं. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये ऑटोइम्यूनसारखाच हिपॅटायटिस झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण पुढे देशातल्या इतर रुग्णालयांतूनही तसेच रुग्ण समोर आले. त्यातल्या काहींना आधीपासून सुप्त ऑटोइम्यून आजार होता आणि काढ्याने तो जागा केला, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. म्हणजे तुझे पहिले आणि दुसरे डॉक्टर भांडत असले तरी दोघंही बरोबर असू शकतात. काढा आजपासून बंद. गुळवेलच नव्हे, लिव्हर टॉनिक, चूर्ण, "ताकदीची" पुडी, सगळं बंद. आणि कधी काय सुरू केलं, कधी थांबवलं, ते तारखेनिशी लिहून काढ. औषधाने झालेला आजार बरा झाल्यावर स्टिरॉइड थांबवलं तरी सहसा परतत नाही, खरा ऑटोइम्यून बहुधा परततो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही दिसतात सारखेच. त्यामुळे पुढे डॉक्टरांना या तारखांचाच आधार घ्यावा लागणार आहे.

फॅटी लिव्हरवर फार वेळ घालवत नाही. हल्ली दहा सोनोग्राफ्या काढा, कितीतरींवर ते लिहिलेलं असतं. नुसत्या चरबीने एसजीपीटी ६४० वर जात नाही.

तर मूळ प्रश्न. नक्की झालंय काय, हे कोणी सांगत नाही, कारण या आजाराला "पॉझिटिव्ह" आणि "निगेटिव्ह" असा एका ओळीचा रिपोर्टच नाही. मलेरियाचा जंतू काचेवर दिसतो. इथे तसं काही दिसत नाही. चार-पाच कागद एकत्र ठेवून बेरीज करावी लागते. ही बेरीज शब्दशः आहे. २००८ साली या आजारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने एक सोपं गुणपत्रक ठरवलं. एएनए किंवा एएसएमए या आपल्याच पेशींवर उठणाऱ्या अँटिबॉडीज पुरेशा प्रमाणात सापडल्या तर २ गुण. आयजीजी मर्यादेच्या दहा टक्क्यांहून जास्त वर असेल तर २. विषाणूंच्या कावीळी नाहीत हे सिद्ध झालं तर २. बायोप्सीत नमुनेदार चित्र दिसलं तर २. एकूण ८. सहा झाले तर "बहुधा आहे", सात किंवा वर गेले तर "आहे".

तुझं मांडू. एएनए १:१६० आहे, त्याचे २. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई निगेटिव्ह, त्याचे २. झाले ४. आयजीजी केलेलं नाही. ते भरपूर वाढलेलं निघालं तर ६. म्हणजे सगळं जमून आलं तरी सुईशिवाय तू "बहुधा"च्या पुढे जात नाहीस. तिसऱ्या डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली ती यासाठी. एकट्या एएनएवर जाऊ नकोस, तो धडधाकट माणसांतही कमी प्रमाणात सापडतो, आणि फॅटी लिव्हरवाल्यांतही. उलट काही खऱ्या रुग्णांत एकही अँटिबॉडी सापडत नाही.

पहिले डॉक्टर बायोप्सीआधी स्टिरॉइड द्यायला निघालेत. आधी सुई, मग गोळी, असं त्यांना नम्रपणे विचार. गोळ्या सुरू झाल्या की यकृतातली सूज उतरते आणि बायोप्सीतलं चित्र पुसट होतं. मग पाच वर्षांनी कोणी विचारलं, हा आजार नक्की होता का, तर दाखवायला काही उरत नाही. अपवाद एकच: पेशंट झपाट्याने बिघडत असेल तर डॉक्टर थांबत नाहीत, आणि थांबूही नये.

आता सुई. सासूबाईंना हे वाचून दाखव. त्यांच्या मनात असणार, टोचलं की आजार पसरतो. हा गाठीचा आजार नाही, पसरायला काही नाही. माझी बायोप्सी झाली तेव्हा मला उताणं झोपवलं, उजवा हात डोक्यावर घ्यायला लावला. बरगड्यांवर ती गार जेली, मग सोनोग्राफीचा प्रोब, मग बधिर करायचं इंजेक्शन. तेवढंच चुरचुरलं. "श्वास सोडा, धरून ठेवा." मग खट्ट. कचेरीत कागद स्टेपल करतात ना, तसा आवाज. झालं. नर्सने फॉर्मलीनची बाटली समोर धरली. आत दोन सेंटिमीटरचं, शेवयांतल्या शेवईसारखं तपकिरी सूत तरंगत होतं. आयुष्यात शेकडो बाटल्यांवर मी लेबलं चिकटवली, पण त्या दिवशी लेबलावर माझंच नाव होतं. मग दोन तास उजव्या कुशीवर झोपायचं, पुढचे काही तास उठायचं नाही. उजव्या खांद्यात कळ येते, ती घाबरण्यासारखी नसते. क्वचित कुणाला रक्तस्राव होतो, म्हणून तर आधी प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त नीट गोठतं का, ते बघतात आणि नंतर झोपवून ठेवतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी सांगायची. रक्त गोठत नसेल किंवा पोटात पाणी असेल तर मानेतल्या शिरेतून बायोप्सी करतात, तीही सोय मोठ्या रुग्णालयांत असते.

एक गोष्ट लॅबवाली म्हणून सांगते, ही कोणी सांगत नाही. रिपोर्ट आला की नुसता कागद घेऊन घरी येऊ नकोस. काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक माग. यकृताच्या स्लाइड रोज बघणारा पॅथॉलॉजिस्ट वेगळा आणि सगळं बघणारा वेगळा. दुसरं मत हवं असेल तर परत सुई लागत नाही, स्लाइडच प्रवास करते.

कुठे जायचं? यकृताचा किंवा पोटाचा तज्ज्ञ हवा. तुमच्याकडची माणसं करूळ घाटाने कोल्हापूरला जातात, काही गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. मुंबईत कोणी राहणारं असेल तर परळच्या केईएमला हा विभाग आहे, वैभववाडीहून तुतारी एक्सप्रेसमध्ये बसलीस की सकाळी दादर. महात्मा फुले या सरकारी मोफत उपचारांच्या योजनेत असलेल्या रुग्णालयात गेलीस तर तिथे योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड दाखवून यातलं काय बसतं ते आधीच विचार.

मोबाइलमधले फोटो घेऊन जाऊ नकोस. डॉक्टर एका हाताने तुझा फोन धरणार, दुसऱ्याने फोटो मोठा करणार, आणि तुला मिळालेल्या सात मिनिटांतली पाच त्यातच जाणार. मुलीच्या वहीतलं एक पान फाड. डावीकडे तारखा. पुढे रकाने: बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, आयएनआर. खाली औषधं आणि काढे, तारखेसह. तुला थायरॉइडची गोळी चालू आहे, ती ठळक लिही, कारण थायरॉइड आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिस बरेचदा एका घरात नांदतात. या एका पानाने मी डॉक्टरांना खुर्चीत पुढे सरकताना बघितलंय.

त्या भेटीत आयजीजी, एएसएमए आणि एएमए झालंय का विचार. एएमए ही आणखी एक अँटिबॉडी, ती कशासाठी? पित्तनलिकांचा पीबीसी नावाचा एक चुलत आजार आहे, त्यात अल्कलाइन फॉस्फटेज जास्त चढतं, अंगाला खाज सुटते, एएमए बहुतेक सगळ्यांत सापडतो आणि औषध वेगळं असतं. काहींना दोन्ही एकदम असतात. तू तरुण आहेस, तेव्हा सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन, तेही तपासायला हवं. विल्सन नावाच्या आजारात यकृतात तांबं साठतं आणि तो ऑटोइम्यूनचं हुबेहूब सोंग घेतो. स्टिरॉइडने तो बरा होत नाही. आणि स्टिरॉइडआधी हिपॅटायटिस बी ची एक जास्तीची तपासणी, अँटि-एचबीसी, करून घे. जुना झोपलेला बी विषाणू या गोळ्यांनी उठून बसू शकतो.

मग शेवटी सरळ विचार: "डॉक्टर, तुम्हाला किती खात्री वाटते? आणि काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. माझ्या डॉक्टरांनी मार्करने टेबलाच्या काचेवर लिहून दाखवलं होतं.

हे सगळं पावसाळा संपल्यावर, भात कापल्यावर, असं करू नकोस. एसजीपीटी ६४० आणि डोळे पिवळे म्हणजे यकृत रोज झिजतंय. मोठ्या माणसांत साधारण तिघांपैकी एकाला निदान होतं तेव्हाच सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणं, झालेलं असतं. तुझी सोनोग्राफी तसं म्हणत नाही, ते नशीब समज. आणि मधल्या दिवसांत जर झापड आली, बोलणं असंबद्ध झालं, शौचाला डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा पोट फुगायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रात्री गाडी काढायची.

समजा निदान पक्कं झालं. मग प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू होतं, आणि थोड्या दिवसांनी जोडीला अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, म्हणजे स्टिरॉइड हळूहळू उतरवता येतं. अझाथायोप्रिनने काहींच्या पांढऱ्या पेशी अचानक घसरतात. आपल्याकडे हे एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातल्या फरकामुळे बरेचदा होतं आणि त्याची तपासणी निघालीय, विचारून बघ. ती झाली नाही तरी सुरुवातीचे आठवडे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, चुकवायची नाही. भूक राक्षसासारखी लागते. झोप उडते. चेहरा गोल होतो. मला आमच्या गल्लीतल्या एका बाईने "तब्येत सुधारली हो" म्हटलं होतं, तेव्हा मी ४० मिलिग्रॅमवर होते आणि रात्री तीनला उठून भाकरी खात होते. पण महिन्या-दोन महिन्यांत एसजीपीटी उतरताना दिसतं, आणि थकवाही. उतरलंच नाही, तर निदान परत तपासायची वेळ आली असं समजायचं.

आयुष्यभर का? आकडे आणि आयजीजी पूर्ण नॉर्मल झाल्यावर पुढे कमीत कमी दोन वर्षं. मग थांबवून बघायचं का ते डॉक्टर ठरवतात, आणि थांबवलेल्या बहुतेकांचा आजार परततो. म्हणून बरेच जण एका छोट्या डोसवर वर्षानुवर्षं राहतात. मी राहते. चौथ्या वर्षी भाचीच्या लग्नाआधी मला तो गोल चेहरा फोटोत नको होता. छान वाटत होतं, एसजीपीटी १८ होतं. मनाने गोळ्या थांबवल्या, दोन्ही. लग्न झालं, फोटो सुंदर आले. सहा आठवड्यांनी एसजीपीटी ४१२. परत ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात. शिवाय स्टिरॉइड असं एकदम तोडलं तर चक्कर येऊन माणूस कोसळू शकतो, ते वेगळंच. त्या अल्बमकडे मी अजून बघत नाही.

खाण्याचं विचारलंयस. बिनतेलाचं, उकडलेलं, उसाच्या रसाचं पथ्य सोडून दे. यकृताला प्रथिनं लागतात. उकड्या तांदळाची पेज खा, मासे खा, अंडं खा, डाळ खा. प्रेडनिसोलोनवर साखर वाढते म्हणून हापूस मोजून, देवगडात राहून हे सांगणं क्रूर आहे पण इलाज नाही. सुकट, सोडे, खारा बांगडा यात मीठ फार. पोटात पाणी किंवा पायाला सूज असेल तर ते बंदच. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व डॉक्टर देतील, हाडांसाठी. दारू घेत नाहीस, उत्तम. मेडिकलमधून मनाने अंगदुखीची गोळी आणायची नाही.

आता आपल्याकडच्या दोन गोष्टी, ज्या मुंबईच्या डॉक्टरांना सुचणार नाहीत. एक, लावणी. या गोळ्यांवर जंतूंशी लढायची ताकद कमी होते, आणि चिखलात लेप्टो आहेच. या वर्षी लावणीला उतरू नकोस. पुढे कधी उतरलीस तर गमबूट, पायाला जखम असेल तर अजिबात नाही, आणि डॉक्सिसायक्लिन या लेप्टो टाळायच्या गोळीबद्दल आरोग्य केंद्रात नव्हे, तुझ्या लिव्हरच्या डॉक्टरांना विचार. दुसरं, कालवं. तू ओहोटीला खडकावर कालवं काढायला जातेस असं लिहिलंयस. शिंपल्याची धार बोटाला लागतेच लागते. खाऱ्या पाण्यात विब्रिओ जातीचा एक जंतू असतो, यकृत कमजोर असलेल्या माणसाच्या जखमेतून तो आत गेला तर एका दिवसात हातपाय सुजून काळेनिळे पडतात आणि जीवावर बेतू शकतं. कालवं जावेला काढू दे. खाताना खदखदून उकळलेली खा, अर्धकच्ची एकही नाही.

लशींचं: फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस ए आणि बी यांबद्दल विचार, शक्यतो गोळ्या सुरू होण्याआधी. जिवंत विषाणूची लस गोळ्यांवर असताना चालत नाही. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधीच सांग. अझाथायोप्रिनवर बाळंतपणं होतात. मायकोफेनोलेट नावाचं औषध मात्र गरोदरपणात अजिबात चालत नाही.

ताट. हा आजार ताटातून, पेल्यातून, अंथरुणातून, कशातूनच लागत नाही. तुझं ताट आजच मांडणीत बाकीच्यांच्या ताटांत ठेव. मुलीला थेट वारशाने येत नाही. घराण्यात अशा आजारांकडे थोडा कल असू शकतो, तेवढाच. तिला आत्ता कुठल्याही तपासणीला नेऊ नकोस. कधी कावीळ झाली किंवा कारण नसताना थकायला लागली तर मात्र डॉक्टरांना आईचा आजार सांगायचा.

दारूच्या कुजबुजीवर माझ्याकडे औषध नाही. माझ्या वेळी तर लोकांनी माझ्याबरोबर नवऱ्यालाही त्यात ओढलं होतं, आणि तो बिचारा चहासुद्धा एकच वेळ घेतो. मी एकदा वाण्याच्या दुकानात सगळ्यांसमोर आजाराचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, शाळेत शिकवतात तसं. त्यानंतर लोक कंटाळले.

आयजीजीला रक्त देवगडात किंवा कणकवलीत देता येईल, ते पुढे पाठवतात, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. सोमवारी जा. या तपासणीला उपाशी जावं लागत नाही, पेज खाऊन जा.